उघड्यावर की अंधारातून? त्सुशिमाच्या भुताला पडलेला प्रश्न

थ्रेड. विषय व्हिडिओ गेमचा आहे, पण वाट तेराव्या शतकातील जपानमधून जाते आणि मधे थोडा वेळ साल्हेर-नेसरीलाही थांबते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा गेम २०२० साली आला. त्याचा आरंभ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो विसरणे कठीण. १२७४ साल. कोमोदाच्या किनाऱ्यावर मंगोल सैन्य उतरले आहे. समोर सामुराईंची ऐंशी घोड्यांची तुकडी. त्यातून आदाची नावाचा सरदार एकटा पुढे होतो आणि रिवाजाप्रमाणे शत्रूच्या सर्वोत्तम योद्ध्याला द्वंद्वाचे आव्हान देतो. मंगोल सेनानी खोतुन खान शांतपणे हातातील प्याला त्याच्या अंगावर रिकामा करतो, त्याला पेटवून देतो आणि त्याचे मस्तक उडवतो. उरलेले सामुराई समोरून धडक देतात आणि कापले जातात.

वाचतो तो जिन साकाई. युना नावाची एक चोर स्त्री त्याला वाचवते आणि मागून, गवतातून, आवाज न करता मारायला शिकवते. पहिल्याच अशा हत्येच्या वेळी त्याला लहानपण आठवते : चुलते शिमुरा सांगत आहेत की शत्रूच्या डोळ्यांत डोळे घालून लढावे. पुढचा सगळा गेम या एका पेचावर उभा आहे. समोरून लढलात तर सामुराई, लपून लढलात तर 'भूत'.

गेम सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. माझे म्हणणे एवढेच की हा पेच १२७४ सालातला नाही. तो साधारण १९०० सालातला आहे आणि तेराव्या शतकाच्या अंगावर मागाहून चढवलेला आहे. त्सुशिमावरील खऱ्याखुऱ्या योद्ध्याला तो कोणी समजावून सांगितला असता, तर बहुधा त्याला तो नीट कळलाही नसता.

पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. ११५६ साली क्योतोत होगेनचे बंड झाले. निवृत्त सम्राट सुतोकू आणि विद्यमान सम्राट गो-शिराकावा यांच्यातील हा संघर्ष. सुतोकूच्या पक्षातील तरुण धनुर्धर मिनामोतो नो तामेतोमो याने रात्रीच शत्रूच्या वाड्यावर छापा घालून आग लावावी, असे सुचवले. दरबारी फुजिवारा नो योरिनागा याने ते फेटाळले. नाराहून येणाऱ्या कुमकेची वाट पाहू, म्हणाला. त्याच रात्री समोरच्या पक्षाने नेमका तोच बेत अमलात आणला, सुतोकूचा वाडा पेटवला आणि लढाई संपली. समोरच्या पक्षात तामेतोमोचा थोरला सावत्र भाऊ योशितोमो होता. रात्रीचा छापा सुचवणारा सामुराई, घालणारा सामुराई आणि नाक मुरडणारा मात्र ज्याने उभ्या आयुष्यात तलवार गाजवली नव्हती असा दरबारी! 'होगेन मोनोगातारी' ही कथा सांगते तेव्हा तामेतोमोला कुठेही भ्याड ठरवत नाही. उलट तोच तिचा नायक आहे.

तीन वर्षांनी हेइजीचे बंड. त्यातील सांजो वाड्यावरील रात्रीच्या हल्ल्याची चित्रगुंडाळी आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. ती रंगवली गेली तेराव्या शतकात, म्हणजे जिन साकाईच्याच शतकात. ज्वाळा, धूर, विहिरीत पडणारी माणसे. चित्रकाराने भीषणता लपवलेली नाही. तरी हा हल्ला रात्री झाला म्हणून सामुराईला न शोभणारा, असा सूर त्यात मला तरी सापडत नाही.

मग समोरून, एकट्याने, नाव पुकारत धावून जाणारा सामुराई आला कुठून? तो पूर्णपणे खोटा नाही. पण त्याच्या धावण्याचे कारण गेम सांगतो त्याहून फार वेगळे होते, आणि माझ्या मते फार रोचक होते.

ताकेझाकी सुएनागा हे नाव लक्षात ठेवा. क्यूशू बेटावरील हिगो प्रांताचा हा एक छोटा सामुराई. जमिनीच्या वादात हरलेला, पदरी माणसे नाहीत. १२७४ साली मंगोल हाकाता खाडीवर उतरले तेव्हा तो स्वतः धरून अवघे पाच घोडेस्वार घेऊन रणात आला. सेनानी शोनी कागेसुके याची सूचना थांबण्याची होती. सगळ्यांनी मिळून हल्ला करायचा होता. सुएनागा थांबला नाही. पहिली धडक आपली असावी म्हणून पुढे घुसला. घोडा जखमी झाला, स्वतः जखमी झाला. शिरोइशी मिचियासू नावाचा दुसरा योद्धा मोठी तुकडी घेऊन वेळेवर पोहोचला म्हणून वाचला. आणि रणातून जिवंत बाहेर पडल्यावर या दोघांनी काय ठरवले? एकमेकांच्या पराक्रमाची साक्ष द्यायची.

इथे सगळे रहस्य आहे. कामाकुरा शासनात बक्षीस, म्हणजे मुख्यतः जमीन, मिळण्यासाठी पराक्रम पुरेसा नव्हता. तो कोणीतरी पाहिलेला असावा लागे. शत्रूचे शिर, अंगावरची जखम, मेलेला घोडा, पहिली धडक आणि या सगळ्याला साक्षीदार. उघड्यावर लढणे हा त्या योद्ध्यासाठी हिशेबाच्या वहीत नाव चढवण्याचा मार्ग होता. अंधारात मारलेल्या शत्रूची नोंद कोण करणार?

सुएनागाला बक्षीस मिळाले नाही. म्हणून पुढच्या वर्षी त्याने घोडे आणि खोगिरे विकली, त्या पैशावर थेट कामाकुरा गाठले आणि आदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्यापुढे दाद मागितली. अधिकारी विचारतो : शिर आणलेस का? नाही. शत्रू मारलास का? तेही सांगता येत नाही. मग तक्रार कसली? पहिली धडक माझी होती, कागेसुकेला विचारा, खोटे निघाले तर माझे शिर घ्या, असे हा हट्टी माणूस सांगत राहतो. अखेर त्याला काइतो येथील जमीन आणि एक घोडा मिळतो. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, कारण सुएनागाने पुढे स्वतःच्या कर्तबगारीची चित्रगुंडाळी करवून घेतली. मंगोल स्वाऱ्यांचे आज जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, ते बव्हंशी एका जमिनीच्या अर्जदाराने आपली बाजू मांडण्यासाठी काढवलेले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून आनंदाची गोष्ट ती कोणती?

आणि १२८१ सालच्या दुसऱ्या स्वारीत हाच सुएनागा काय करतो? मंगोल जहाजांवर चढायचे आहे आणि त्याच्याकडे होडी नाही. तो थापा मारून दुसऱ्याच्या होडीत जागा मिळवतो. शिरस्त्राण जवळ नाही, तर पायांवरची लोखंडी चिलखते काढून डोक्याला बांधतो. त्या वर्षी जपानी योद्धे छोट्या होड्यांतून मोठ्या जहाजांवर चढून जात होते, रात्रीचे जात होते, जहाजे पेटवून परतत होते. कुसानो जिरो याचे नाव अशाच एका रात्रीच्या छाप्यासाठी घेतले जाते. यांतील कोणालाही 'आता मी सामुराई उरलो का' अशी रात्र जागवणारी शंका आल्याची नोंद नाही. शंका होती ती एकच : हे कोणी पाहिले ना?

मंगोलांपुढे नाव पुकारणारे आणि त्यामुळे हास्यास्पद ठरणारे भोळे सामुराई आपल्यापर्यंत आले ते 'हाचिमान गुदोकुन' या ग्रंथातून. हा चौदाव्या शतकाच्या आरंभीचा देवस्थानी ग्रंथ आहे. युद्ध हाचिमान देवाने जिंकले, हे त्याला सिद्ध करायचे होते. कारण बक्षिसाच्या रांगेत देवस्थानेही उभी होती. योद्धे जितके निरुपयोगी दिसतील तितके देवाचे श्रेय मोठे. अभ्यासक थॉमस कॉनलन यांनी याच प्रतिमेला आव्हान देत सुएनागाची साधने इंग्रजीत आणली. गेमच्या पहिल्या दहा मिनिटांत आपण जे पाहतो ती या देवस्थानी प्रचाराची, कुरोसावाच्या चित्रपटांतून गाळून आलेली, फार देखणी आवृत्ती आहे.

मग १९०० साल कुठून आले? त्या वर्षी इनाझो नितोबे यांचे 'बुशिदो' हे पुस्तक गाजू लागले. ते मुळात इंग्रजीत, अमेरिकेत राहून, पाश्चात्त्य वाचकांसाठी लिहिलेले. धर्मशिक्षण नसताना तुम्ही मुलांना नीती शिकवता तरी कशी, या एका युरोपीय विद्वानाच्या प्रश्नाला ते उत्तर होते. युरोपातील शूर सरदारांच्या आदर्शाशी जुळेल असा सामुराई त्यात घडला. एदो काळाच्या अडीचशे वर्षांच्या शांततेत, लढाईच न पाहिलेल्या सामुराईंनी लिहिलेले नीतिग्रंथ त्याआधी होतेच. गंमत अशी की पुस्तकानंतर चारच वर्षांनी, फेब्रुवारी १९०४ मध्ये, जपानी आरमाराने पोर्ट आर्थर येथील रशियन जहाजांवर रात्री, युद्धाची औपचारिक घोषणा होण्याआधीच, टॉर्पेडो सोडले.

हे निव्वळ पंडिती कुरकुरणे वाटेल, म्हणून एका माणसाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. त्याच्यामुळे हा प्रश्न मला खेळापुरता वाटत नाही.

कुसुनोकी मासाशिगे. जपानच्या इतिहासात लपून लढण्याची कला कोणी शिखराला नेली असेल तर त्याने. १३३१ ते १३३३ या काळात आकासाका आणि चिहाया या डोंगरी किल्ल्यांवरून त्याने कामाकुराच्या प्रचंड फौजा थोपवल्या. गवताच्या बाहुल्यांना चिलखते घालून शत्रूचे बाण वाया घालवणे, ओंडके आणि दगड गडगडवणे, वेढ्यातून निसटणे, अशा त्याच्या युक्त्यांच्या कथा 'ताइहेइकी'त भरलेल्या आहेत. १३३६ साली आशिकागा ताकाउजी चालून आला तेव्हा मासाशिगेने सम्राट गो-दाइगोला सल्ला दिला : राजधानी सोडा, शत्रूला आत येऊ द्या, मग मी बाहेरून त्याची रसद तोडतो. दरबाराला राजधानी सोडणे अपमानास्पद वाटले. हुकूम झाला की मैदानात जाऊन लढ. आपण मरणार हे ठाऊक असून तो मिनातोगावाला गेला, हरला आणि त्याने आत्महत्या केली.

आता पाहा, आधुनिक जपानी राज्याने त्याच्यातले काय उचलले. मेइजी काळात तो निष्ठेचा परमोच्च आदर्श झाला; तोक्योत राजवाड्याबाहेर त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. गौरव झाला तो मुख्यतः मिनातोगावाचा, चुकीच्या हुकमापुढे मान तुकवून पत्करलेल्या मरणाचा. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत आत्मघातकी विमानहल्ल्यांच्या लाटांना 'किकुसुइ' असे नाव देण्यात आले. किकुसुइ म्हणजे पाण्यावर तरंगणारे शेवंतीचे फूल, मासाशिगेचे कुलचिन्ह. आणि त्या वैमानिकांना 'कामिकाझे' म्हटले गेले ते मंगोल आरमार बुडवणाऱ्या दैवी वाऱ्यावरून. जो माणूस माझे सैनिक वाचवू द्या म्हणत होता, त्याच्या नावाने विशी-बाविशीतील मुले मरायला पाठवली गेली. 'समोरून मरणे श्रेष्ठ' हे वाक्य कोण कोणाला सांगते आहे, हे पाहायची सवय मला लागली ती इथून.

आपल्या घरचेही थोडे. 'गनिमी कावा' या शब्दाभोवती आपण मराठी माणसांनी अभिमान आणि बचाव दोन्ही एकदम गुंडाळले आहेत. कोणी म्हणते, मैदानात निभाव लागत नव्हता म्हणून कावा. मग साल्हेरचे काय करायचे? १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना मैदानातच हरवले. त्याआधी १७ ऑक्टोबर १६७० रोजी, सुरतेहून परतताना, वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी झालेली लढाईही उघडीच. शिवाजी महाराजांपुढे छापा आणि मैदान हे दोन धर्म नव्हते. माणसे किती, घोडी किती दमलेली, परतीची वाट कोणती, मागे ओझे काय, यावर निवड ठरत होती. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शिरणे योग्य ठरले, कारण लाखाच्या छावणीशी मैदानात भिडणे हा वेडेपणा होता. अंधाराची किंमतही तिथे दिसते. त्या गोंधळात जनानखान्यातील स्त्रियांनाही इजा पोहोचल्याचे उल्लेख आहेत. ते वगळून लाल महाल सांगणे मला पटत नाही.

आणि नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४. बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांचे कडक शब्द आले आणि प्रतापराव, परंपरा सांगते त्याप्रमाणे सहा साथीदारांसह, खानाच्या फौजेवर तुटून पडले. लष्करी दृष्ट्या हाती काहीच लागले नाही, सरनोबत गेला. सुएनागाचे पाच आणि आपले सात, दोघेही घुसले ते कोणाच्या तरी नजरेसाठी. एकाला जमीन हवी होती, दुसऱ्याला धन्याच्या डोळ्यांतील आपली जागा. प्रतापरावांचे मन मला समजते. पण त्या दिवसाचे गाणे म्हणताना महाराजांना तो दिवस हवा होता का, हेही विचारावे.

परत गेमकडे. लपणे आणि भिडणे यांतील निवड प्रामाणिकपणे मांडणारे गेम होऊन गेले आहेत. सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून 'प्रोजेक्ट आय.जी.आय.' (२०००) खेळलेली पिढी अजून फार म्हातारी झालेली नाही. त्यात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करण्याची सोय नव्हती. कॅमेऱ्याने टिपले, सायरन वाजला, की पहारेकरी धावून येत आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाई. म्हणून आपण लपत होतो. 'थीफ' (१९९८) मधील गॅरेट तलवारबाजीत सामान्य आहे. दोन पहारेकरी एकदम आले की संपला. सावली त्याला परवडते, उजेड परवडत नाही. या गेमना इतिहासाचा दावा नाही, पण दुबळ्या बाजूचा हिशेब त्यांना बरोबर कळला आहे.

'त्सुशिमा'त हा हिशेबच नाही. जिन समोरून आव्हान देतो, एक बटण योग्य क्षणी सोडायचे, तीन-चार मंगोल ओळीने पडतात. खेळाडूसाठी उघडी लढाई सोपी आणि देखणी आहे. कथेत मात्र ती अशक्य म्हणून सांगितली जाते. संपूर्ण बेट तुम्ही समोरासमोर लढून मुक्त केले, तरी शिमुरा तुम्हाला भूतच म्हणणार. निवडीला किंमत नसेल तर ती निवड कसली? तो पोशाखाचा रंग झाला.

तरीही एका ठिकाणी हा गेम इतिहासाच्या फार जवळ जातो, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. शिमुराच्या किल्ल्यात मंगोलांच्या पेयात जिन विष कालवतो. किल्ला मिळतो. शिमुरा संतापतो, आणि त्याच्या संतापात मानापमानाच्या बडबडीखाली खरी भीती ऐकू येते : आज तू नियम मोडलास, उद्या शेतकरी मोडतील, मग आमचे ऐकेल कोण? हा राज्यकर्त्याचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. घोडा, चिलखत, वर्षानुवर्षांचा धनुष्याचा सराव यांची ऐपत थोड्यांचीच. विष, अंधार आणि आग मात्र कोणाच्याही हाती येऊ शकतात. तेराव्या-चौदाव्या शतकांत ज्यांना 'आकुतो', म्हणजे दुष्टांची टोळी, म्हटले गेले त्यांच्यातच मासाशिगेची गणना झाली होती. १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांकडील तलवारी काढून घेतल्या, त्यामागेही हीच चिंता होती.

आणि मग खान ते विष बनवायला शिकतो आणि बेटावरच्या लोकांवरच वापरतो. मला वाटते, जिनला खरा जाब विचारायचा असेल तर इथे. 'तू मागून का मारलेस' हा प्रश्न त्यापुढे पोरकट आहे. तू वापरलेले हत्यार परत आले तेव्हा ते कोणाच्या घोटात उतरले? पण गेम या प्रश्नापाशी फार रेंगाळत नाही. शेवटी चुलत्या-पुतण्याचे द्वंद्व, लाल पाने, आणि 'मारू की सोडू' असा पर्याय. तिथेही बेटावरचे शेतकरी चौकटीबाहेरच.

पुढच्या गेममध्ये, २०२५ च्या 'घोस्ट ऑफ योतेई'त, नायिका अत्सू ही सूडासाठी निघालेली भटकी भाडोत्री योद्धी आहे. काळ १६०३ चा. चुलत्याची शिकवण नाही, त्यामुळे अपराधीपणाही नाही. ती लपते, भिडते, पुन्हा लपते. मला हे अधिक पटले.

सुएनागाची चित्रगुंडाळी आज जपानच्या शाही संग्रहात आहे आणि तिची छायाचित्रे इंटरनेटवर पाहता येतात. रक्ताळलेल्या घोड्यावरचा सुएनागा सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्यापाशी न थांबता पुढे सरका आणि १२८१ चा समुद्र शोधा. डोक्याला पायांची चिलखते बांधलेला, थाप मारून होडीत चढलेला एक माणूस तिथे मंगोल जहाजावर शत्रूशी झटतो आहे, आणि हे चित्रात नीट यावे याची त्याने स्वतःच काळजी घेतली आहे.